हुजूर, मजूर आणि मुरूड

सप्टेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक जाहीर सभा झाली. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन’ने ती बोलावली होती. ही संस्था त्याच वर्षी फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांनी काढलेली. दादाभाई नवरोजी सभेत बोलले, मेहताही बोलले. प्रश्न असा होता, की इंग्लंडमध्ये येऊ घातलेल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिंदुस्थानच्या वतीने कुणाची बाजू घ्यायची?

गंमत म्हणजे हिंदुस्थानात राहणाऱ्या या मंडळींना त्या निवडणुकीत मतच नव्हतं.

तरीही हा रिकामटेकडा उद्योग नव्हता. १८५८ पासून हिंदुस्थानचा कारभार भारतमंत्र्याच्या हाती होता आणि तो ब्रिटिश पार्लमेंटला जबाबदार होता. आयसीएसची परीक्षा लंडनलाच होत असे. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी रेटा लावला आणि १८८२ साली हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची जकात उठली. म्हणजे तिथला मतदार कुणाला निवडतो यावर मुंबईच्या गिरणीचं पोट अवलंबून होतं. ज्याच्या मतावर आपलं चालतं, त्याला निदान चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच त्या सभेचा हेतू.

सभेने पक्ष निवडला नाही, माणसं निवडली. कोण उमेदवार हिंदुस्थानचा स्नेही, कोण नाही, हे नावानिशी सांगितलं. नापसंतांमध्ये सर रिचर्ड टेंपल होते, मुंबईचे माजी गव्हर्नर. जे. एम. मॅक्लीन होते, ‘बॉम्बे गॅझेट’चे माजी संपादक. याशिवाय बंगाल, मद्रास आणि मुंबईचा प्रत्येकी एक प्रतिनिधी प्रचारासाठी इंग्लंडला गेला: मनमोहन घोष, सेलम रामस्वामी मुदलियार आणि नारायण गणेश चंदावरकर. चंदावरकर ‘इंदुप्रकाश’ची इंग्रजी बाजू सांभाळत होते, वय तिशीच्या उंबरठ्यावर. माझ्याच वयाचा एक माणूस इंग्लंडभर सभांमधून सांगत फिरतोय, की आम्हाला मत नाही, पण तुमच्या मताचा भार आमच्यावर पडतो. त्यांनी या दौऱ्यावर पुढे इंग्रजीत पुस्तकही लिहिलं.

निकाल? टेंपल निवडून आले. मॅक्लीन निवडून आले, तेही ओल्डहॅममधून, म्हणजे लँकेशायरच्या ऐन गिरणगावातून. आणि डेप्टफर्डमधून उदारमतवादी पक्षातर्फे उभे असलेले लालमोहन घोष हरले.

याच निवडणुकीत आणखी एका परक्या सत्तेखालच्या लोकांनी पक्ष निवडला होता. आयर्लंडचा नेता पार्नेल याने ब्रिटनमधल्या आयरिश मतदारांना हुजूर पक्षाला मत द्यायला सांगितलं. हुजूर पक्ष आयरिश स्वराज्याचा कैवारी होता म्हणून नव्हे. दोन्ही मोठ्या पक्षांना आपल्याशिवाय सरकार चालवता येऊ नये म्हणून. त्याचे ८६ खासदार निवडून आले आणि काही आठवड्यांतच उदारमतवादी ग्लॅडस्टनने आयरिश स्वराज्याची भूमिका घेतली. १८८६ चं त्याचं विधेयक पडलं, पक्षही फुटला, पण प्रश्न पार्लमेंटच्या मध्यभागी आला तो कायमचा. मुंबईकडे यादी होती, पार्नेलकडे ८६ माणसं.

मी हे वाचायला लागलो त्याला कारण आहे. मी मूळचा मुरूडचा. अभियांत्रिकीची पदवी घेतली, सॉफ्टवेअरमध्ये लागलो आणि २०२३-२४ मध्ये कंपनीच्या कामासाठी लंडनला होतो. ७ मे २०२४ ला रायगड लोकसभेचं मतदान झालं. माझं नाव मुरूडच्या यादीत, मी लंडनमध्ये. मत देता आलं नाही. दोन महिन्यांनी, ४ जुलैला, ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक होती आणि तिथे मात्र मला मत होतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक रीतसर व्हिसावर ब्रिटनमध्ये राहत असेल, तर त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. ओळख पटवायला भारतीय पासपोर्टही चालतो. ज्या मतासाठी चंदावरकर सभा घेत हिंडले, ते मला केवळ घरभाड्याच्या करारामुळे मिळाल्यासारखं झालं होतं. आता ते द्यायचं कुणाला?

घरून फोनवर एकच प्रश्न यायचा, “आपल्या माणसाला देणार ना?” आपला माणूस म्हणजे ऋषी सुनक. हा प्रश्नही जुनाच आहे. दादाभाई १८८६ मध्ये होबर्नमधून उदारमतवादी म्हणून उभे राहिले आणि हरले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी जिंकले. १८९५ मध्ये ते पडले, आणि त्याच निवडणुकीत दुसरे पारशी गृहस्थ मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षातर्फे निवडून आले. दोघेही आपलेच, दोघेही मुंबईशी जोडलेले. एकजण साम्राज्याने हिंदुस्थान लुटला असं सांगणारा, दुसरा साम्राज्याचा भक्त. काँग्रेसवाल्यांनी भावनगरींची भरपूर टिंगल केली. पण दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटमध्ये चिकाटीने मांडणारे तेच होते. रक्त, गाव, आडनाव यांवरून राजकारण ओळखता येत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

पक्षावरून तरी ओळखता येतं का? दादाभाईंनी उदारमतवाद्यांवर विश्वास टाकला. २ जून १८९३ ला हाउस ऑफ कॉमन्सने आयसीएसची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. सरकार उदारमतवाद्यांचं, पंतप्रधान ग्लॅडस्टन. त्याच सरकारने प्रांतिक सरकारांची मतं मागवली आणि ठराव गुंडाळून ठेवला. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं.

इथे मराठीतल्या एका जोडीविषयी सांगायला हवं. आपल्या वर्तमानपत्रांनी कन्झर्व्हेटिव्हला ‘हुजूर’ आणि लेबरला ‘मजूर’ केलं. नुसतं यमक नाही, त्यात निकालही आहे. हे शब्द कानावर पडले की आपण कुठल्या बाजूला उभे राहायचं ते आधीच ठरून जातं. मुरूडच्या माणसाला तर ‘हुजूर’ म्हणजे काय हे पुस्तकात शोधावं लागत नव्हतं. गावाबाहेरच्या टेकडीवर नवाबाचा राजवाडा अजून उभा आहे.

टिळक १९१८ च्या ऑक्टोबरअखेरीस लंडनला पोहोचले ते चिरोल खटल्यासाठी. पण डोक्यात निवडणूकही होती. त्यांचे सहकारी, माझगावचे जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा आधीच इंग्लंडला जाऊन मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडून आले होते. टिळकांनी ते पुढे नेले आणि मजूर पक्षाच्या निवडणूक निधीला देणगी दिली. डिसेंबरात मतदान झालं. लॉइड जॉर्जची आघाडी प्रचंड बहुमताने जिंकली, मजूर पक्षाला ५७ जागा मिळाल्या. फेब्रुवारीत टिळक खटलाही हरले. वरवर पाहता पैसे पाण्यात.

पण टिळकांचं गणित वेगळं होतं, असं मला वाटतं. १९१८ च्या कायद्याने ब्रिटनमधले मतदार सुमारे ८० लाखांवरून २ कोटींच्या पुढे गेले. सर्व प्रौढ पुरुष आणि तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रिया पहिल्यांदा मतदार झाल्या. वाढणारा पक्ष कोणता, हे तेव्हा दिसत होतं. सत्तेतल्या मित्राकडे मागणं मागायचं की उद्या सत्तेत येणाऱ्याशी आज ओळख वाढवायची, यात त्यांनी दुसरा मार्ग घेतला. मजूर पक्षाचे खासदार १९२२ मध्ये १४२ झाले, पुढच्या वर्षी १९१, आणि जानेवारी १९२४ मध्ये त्यांचं सरकार आलं. टिळक ते पाहायला नव्हते.

त्या सरकारने काय केलं? ते असतानाच ऑक्टोबर १९२४ मध्ये बंगालात विनाचौकशी अटकेचा वटहुकूम निघाला आणि सुभाषचंद्र बोस तुरुंगात गेले. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहावर लाठ्या चालल्या, गांधीजींना अटक झाली, तेव्हाही लंडनमध्ये मजूर सरकारच होतं. १९४५ मध्ये ३९३ जागा घेऊन ॲटली पंतप्रधान झाले आणि दोन वर्षांत स्वातंत्र्य आलं, हे खरं. पण मधल्या काळात इथे सत्याग्रह झाले होते, चले जाव झालं होतं, १९४६ ला नौदलातल्या खलाशांनी बंड केलं होतं आणि युद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती. देणगीचं फळ म्हणून हे मोजता येणार नाही. मित्रपक्ष लंडनमध्ये होता. तो हलला तो इथल्या ताकदीने.

२०२४ मध्ये मला हे आकड्यांत दिसलं. हुजूर सरकारने एप्रिलमध्ये कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण किमान अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेली. ती नव्याने येणाऱ्यांसाठी होती, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही, पण माझ्यामागून येऊ पाहणाऱ्या दोन मित्रांचं बिघडलं. मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातही स्थलांतर कमी करू असंच लिहिलेलं होतं. मी १८८५ ची पद्धत वापरली. मतदारसंघातल्या उमेदवारांना ईमेल लिहून या अटीबद्दल त्यांचं मत विचारलं. दोघांनी उत्तरं दिली. मजूर पक्षाच्या उमेदवाराचं उत्तर गुळमुळीत नव्हतं: आकडा फार चढा आहे, पण पक्ष तो खाली आणेल असं वचन देता येणार नाही. मी त्या उमेदवाराला मत दिलं. मजूर पक्ष ४११ जागांनी जिंकला. जुलै २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने ती अट ४१,७०० पौंडांवर नेली.

मला फसल्यासारखं वाटलं नाही. १८९३, १९२४ आणि १९३० माहीत असलेल्या माणसाला वाटूही नये. पाठिंबा देताना ‘आपला मित्र कोण’ एवढंच विचारून भागत नाही. ‘त्याने शब्द फिरवला तर आपण काय करू शकतो’ हेही विचारावं लागतं. पार्नेलकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. मुंबईच्या सभेकडे नव्हतं, आणि दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या माझ्याकडेही नव्हतं.

त्या सभेतल्या माणसांनाही हे कळलं असावं. १८८५ च्या डिसेंबरअखेरीस मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजमध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्याची तयारी निवडणुकीच्या निकालाआधीपासून चालू होती. पण मेहता, तेलंग, दादाभाई ही तीच माणसं तिथे होती. दुसऱ्याच्या निवडणुकीत स्नेही शोधण्याबरोबर स्वतःची जागा बांधणं सुरू झालं होतं.

या सगळ्यात मुरूड कुठे होतं? कुठेच नाही. जंजिरा संस्थानची प्रजा ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हती. वर सिद्दी नवाब, त्याच्यावर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट. ज्या तय्यबजींनी असोसिएशन काढली, त्यांच्याच नात्यातल्या नाझली बेगम पुढे जंजिऱ्याच्या नवाबाच्या पत्नी झाल्या. राजवाड्यापर्यंत मुंबईचं वारं आलं ते असं, सोयरिकीतून. प्रजेपर्यंत मत आलं नाही. १९३७ ला शेजारच्या अलिबागेत लोक प्रांतिक निवडणुकीत मतदान करत होते, तेव्हाही संस्थानातला माणूस बाहेरच होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुरूडच्या सर्व प्रौढांना, बायकांसकट, एकदमच मत मिळालं.

त्या निवडणुकीत कुलाब्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा. १९१८ मध्ये लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले होते. तीच परीक्षा, जी हिंदुस्थानात घ्यायचा ठराव मंजूर होऊनही बासनात गेला होता. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं केंद्राचं ठरलं, तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला.

कुलाब्याच्या मतदारांनी पाठवलेल्या माणसाने पक्षाच्या आणि सरकारच्या तोंडावर ‘नाही’ म्हटलं. १८८५ च्या सभेने केलेल्या यादीत असा माणूस मिळणं शक्य नव्हतं, कारण त्या यादीतल्या एकालाही पुन्हा मत मागायला आपल्या दारात यायचं नव्हतं.