वर्ष नसलेली पत्रे

जुन्या मोडी पत्रांचा नाद मला उतारवयात लागला. नोकरी संपली, दुपार खायला उठू लागली, तेव्हा एका शिबिरात जाऊन मोडी शिकलो आणि राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांनी छापलेल्या पत्रांच्या जाड जाड खंडांत बुडालो. या पत्रांची एक खोड आहे. कित्येकांवर तिथी असते, 'छ' अक्षरापुढे चांद्र तारीख असते, महिना असतो. सालाचा पत्ता मात्र नसतो. लिहिणाऱ्याला त्याची गरजच नव्हती. पत्र आठ-पंधरा दिवसांत पोहोचणार, वाचणाऱ्याला साल ठाऊक आहेच, मग शाई कशाला खर्ची घाला? पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी ते दप्तरातून निघेल आणि कोणी संशोधक त्यापुढे डोके धरून बसेल, हे त्या बिचाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नव्हते. एक पत्र चैत्रातले, एक मार्गशीर्षातले. अगोदरचे कोणते? चैत्रातले, असे आपण चटकन म्हणतो. पण तो चैत्र पुढच्या वर्षाचा असला तर?

मी काही इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. माझा जन्म गेला तो संगणकांच्या जाळ्याची देखभाल करण्यात. हे काम काय असते ते घरच्यांनाही मला कधी नीट सांगता आले नाही. सौभाग्यवती शेजाऱ्यांना 'हे तार तुटली की जोडतात' असे सांगून मोकळी होई. वस्तुतः तारेशी माझा संबंध थोडाच. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक नाव असते, आकड्यांचा एक पत्ता असतो, आणि तिथवर जायच्या वाटा असतात. यांच्या याद्या ठेवणारे प्रोग्रॅम कोणीतरी एकदा लिहून गेलेला असतो. त्यातले किडे वेचीत राहणे हे मागाहून येणाऱ्यांच्या नशिबी येते. चुकीला या धंद्यात 'बग' म्हणजे किडाच म्हणतात. तर मोडी पत्रे वाचताना माझ्या ध्यानात आले की, साल नसलेल्या पत्राचा हा घोळ आपल्या ओळखीचा आहे. याच घोळाने २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतले एक अख्खे जाळे काही तास ठप्प केले होते. आणि पुढे अठरा वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, मलाही त्याने गाठले होते.

त्या जाळ्याचे नाव आर्पानेट. आजच्या इंटरनेटचे ते थोरले भावंड म्हणा. १९६९ साली ते सुरू झाले, १९९० साली मोडीत निघाले. गावोगावच्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत एकेक टपाल-यंत्र बसवलेले असे. त्याला 'इम्प' म्हणत. प्रत्येक इम्पला क्रमांक होता. आलेला मजकूर कोणत्या वाटेने पुढे धाडायचा हे इम्पनेच ठरवायचे. त्यासाठी प्रत्येक इम्प थोड्या थोड्या वेळाने सगळ्यांना एक वर्तमानपत्र धाडी: 'माझ्या शेजारच्या वाटा सध्या अशा अशा आहेत.' ज्याच्या हाती ते पडेल त्याने आपल्या यादीत टिपावे आणि सर्व शेजाऱ्यांना त्याची नक्कल द्यावी. ही पद्धत १९७९ साली नव्याने बसवलेली होती आणि चांगली चालली होती.

आता एकच वर्तमान दोन वाटांनी येणार, जुने मागून येणार, नवे आधी येणार. तेव्हा नवे कोणते ते कळावे म्हणून प्रत्येक पत्रावर अनुक्रमांक घालीत. या अनुक्रमांकाला जागा दिली होती फक्त सहा खुणांची, म्हणजे सहा शून्य-एकांची. त्यात ० ते ६३ एवढेच आकडे मावतात; ६३ नंतर पुन्हा ०. म्हणजे झाले आपले महिन्यांसारखे. फाल्गुन संपला की चैत्र, साल लिहायचे नाही. मग नियम असा केला की, दोन आकड्यांतले अंतर पुढल्या दिशेने अर्ध्या फेरीपर्यंत असेल तर पुढचा तो नवा. आपण तरी काय करतो? माघात कोणी 'चैत्रात लग्न' म्हणाले, तर आपण येता चैत्र समजतो, गेला नाही.

नियम शहाणपणाचा आहे. दोन पत्रे असतील तोवर तो चुकत नाही. पण तीन पत्रे समोर ठेवून पाहा: चैत्र, श्रावण आणि मार्गशीर्ष. चैत्रापुढे चार महिन्यांवर श्रावण, म्हणून श्रावण नवा. श्रावणापुढे चार महिन्यांवर मार्गशीर्ष, म्हणून तो त्याहून नवा. आणि मार्गशीर्षापुढे चार महिन्यांवर चैत्र! म्हणजे चैत्र सर्वांत नवा. हे चक्र संपायचे नाही. पोरांनी अंगणात एकमेकांना शिवीत फेर धरावा तसे.

पण एकाच यंत्राची तीन निरनिराळी पत्रे एकाच वेळी फिरणार कशी? जुनी तर केव्हाच विझलेली असायची. इथे एका लहानशा बिघाडाने दार उघडले. २९ क्रमांकाच्या इम्पच्या स्मरणपेटीत दोष झाला होता. मधूनच त्यातला एखादा एक पुसला जाऊन शून्य होई. त्याचा शेजारी ५० क्रमांकाचा इम्प. त्या शेजाऱ्याचे पत्र २९ च्या पेटीत पडले, त्यावर अनुक्रमांक होता ४४. यंत्राच्या लिपीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक 'एक' गळाला आणि झाले १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळाला आणि झाले ००१०००, म्हणजे ८. तीन पत्रे तयार! ४४ हा ४० हून नवा. ४० हा ८ हून नवा. तिथे अंतर नेमके ३२, म्हणजे बरोबर अर्धी फेरी, आणि नियमाने अर्धी फेरीही पदरात घेतलेली. ८ हा ४४ हून नवा. प्रत्येक इम्प पत्र घेई, 'अरे, हे नवे!' म्हणून यादी बदली, नक्कल शेजाऱ्यांना देई. तोवर दुसरे त्याहूनही नवे येऊन उभे. अशा पत्रांना सर्व कामांत अग्रमान दिलेला असल्यामुळे बाकी कामाला फुरसतच उरेना. यंत्रे सगळी जागी, तारा शाबूत, आणि जाळे मात्र निकामी. आपल्याकडे त्या सुमारास दिवाळी आठवडा-दीड आठवड्यावर आली होती; कंदिलाच्या काड्या तासणाऱ्या आम्हां मंडळींना याची दादफिर्याद नव्हती.

तारेवरून जाताना पत्र बिघडले तर ओळखण्याची सोय होती. पेटीत पडल्या पडल्या बिघडले तर काय, याची नव्हती. सारे मर्म एवढ्यात आहे. घर बांधणाऱ्याने दाराला तीन कड्या कराव्यात आणि उंदीर घरातच जन्मावा, तसे ते झाले.

मला या प्रकरणात गोडी वाटते ती बिघाडापेक्षा त्याच्या दुरुस्तीची. एखादे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, तर शेजारी लगेच तीच तीन पत्रे त्याच्या हाती देणार. सगळी यंत्रे एकदम बंद करावी, तर ती देशभर पसरलेली, निरनिराळ्या संस्थांच्या ताब्यातली. केंब्रिजच्या बीबीएन कंपनीत, जिथून जाळ्यावर देखरेख चाले, तिथल्या लोकांनी अडकलेल्या यंत्रांच्या स्मरणपेट्या उलगडून पाहिल्या, तो रांगेत जिकडेतिकडे ५० क्रमांकाचीच पत्रे. मग त्यांनी प्रोग्रॅमला एक ठिगळ लावले: '५० कडून येणाऱ्या वर्तमानाकडे लक्ष देऊ नका.' हे ठिगळ एकेका इम्पला लावीत गेले. सर्वांना लागेपर्यंत ती तीन पत्रे कुठे ना कुठे जिवंत होती; शेवटी त्यांना आसरा देणारा कोणी उरला नाही तेव्हा ती मेली. मग ठिगळ काढून टाकले. ५० ची बिचाऱ्याची चूक काहीच नव्हती. बहिष्कार तेवढा त्याच्यावर पडला. गावकीतही असेच होते, पण ते असो.

एरिक रोझेन नावाच्या बीबीएनच्या माणसाने १९८१ साली याची हकिकत लिहून काढली. ती मी अनेकदा वाचली आहे. काय झाले, कसे झाले, आपला नियम कुठे तोकडा पडला, एवढेच त्यात आहे. कोणा माणसाला पुढे धरलेले मला त्यात आढळले नाही. ती हकिकत पुढच्यांनी खरोखरीच वाचली. वाटा ठरवणारी 'ओएसपीएफ' नावाची पद्धत मागाहून आली. तिच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अनुक्रमांकाचे वर्तुळच काढून टाकले आणि सरळ रेघ केली. आकड्याला बत्तीस खुणांची जागा दिली. दर पाच सेकंदांना एक आकडा उधळला तरी ही रेघ संपायला सहाशे ऐंशी वर्षे लागतात. शिवाय प्रत्येक पत्राला तासाभराचेच आयुष्य. आणि त्या पद्धतीत पाच मिनिटांचा एक नियम आहे, त्यापाशी मी नेहमी थबकतो: पेटीत पडलेले पत्र दर पाच मिनिटांनी वय मोजताना पुन्हा तपासून पाहावे, पडल्या पडल्या बिघडले तर नाही ना. १९८० सालचा तो उंदीर कोणी विसरलेले नाही.

आता माझी गोष्ट. नावांचे पत्ते सांगणाऱ्या याद्यांचाही असाच इतिहास आहे. पूर्वी सगळ्या जाळ्याची मिळून एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या कचेरीत ती ठेवली जाई. यंत्रे वाढली, एका यादीत मावेनात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यादी वाटून ठेवण्याची योजना मांडली. लगोलग बर्कले विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी 'बाइंड' हा प्रोग्रॅम लिहिला. चौघे आपापल्या वाटेने गेले. मग तो केव्हिन डनलपने सांभाळला, मग माइक करेल्सने, मग पॉल व्हिक्सीने. २००० साली तो मुळापासून नव्याने लिहावा लागला, आणि तरी त्याची डागडुजी संपलेली नाही. मी वापरीत असे तो याच घराण्यातला.

त्यात प्रत्येक संस्थेची एक मूळ यादी असते, आणि तिच्या नकला परगावच्या यंत्रांवर असतात. नक्कल ठेवणारे यंत्र ठराविक वेळाने विचारते, 'तुमचा आकडा काय?' तो आपल्यापेक्षा पुढचा असेल तरच नवी यादी उतरवून घेते. आकडा म्हणून तारीखच लिहायची, असा आम्हां लोकांचा रिवाज: साल, महिना, दिवस आणि पुढे दोन अंक. १२ ऑक्टोबर १९९८ रोजी मी यादीत आमच्या टपालयंत्राचा नवा पत्ता घातला आणि आकडा लिहिला २९९८१०१२०१. एकाशेजारी दोनाची कळ. साल एक हजाराने पुढे गेले, आणि त्याच घाईत पत्त्यातही एक अंक चुकला.

पत्त्याची चूक माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आली. ती सुधारली, या खेपेस साल बरोबर लिहिले आणि निर्धास्त झालो. नकलांनी ती यादी घेतलीच नाही. का घ्यावी? त्यांच्या हाती २९९८ सालची यादी होती. मी १९९८ ची जुनी दाखवीत होतो. टपाल जिथे यंत्रच नाही अशा पत्त्यावर जाऊन आदळत होते. त्या टपालात मुख्य कचेरीकडून यायची बोनसची यादी होती. सोमवारी लक्ष्मीपूजन. बुधवारी सकाळी शिपाई रामभाऊ (नाव बदलले आहे) माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. 'साहेब, यादी आली का?' एवढेच विचारले. माझ्या घशाला कोरड पडली.

तोड सापडली ती १९९६ सालच्या एका टिपणात, एल्झ आणि बुश या दोघांनी लिहिलेल्या. ते सांगते की हा आकडाही वर्तुळातलाच आहे. ४२९४९६७२९५ नंतर पुन्हा ०. मागे येता येत नाही, पण पुढे जात जात मागच्या जागी पोहोचता येते. मार्गशीर्षातून भाद्रपदात यायचे आहे ना? आधी पाच महिने पुढे, वैशाखात या. मग चार महिने पुढे, भाद्रपदात. जवळजवळ अर्ध्या फेरीची उडी, म्हणजे २१४७४८३६४७, मी कागदावर मिळवली. बेरीज वर्तुळ ओलांडून ८५०६१७५५२ वर आली. तो आकडा लिहिला आणि थांबलो. नकला तीन तासांनी विचारायला येत. ते तीन तास मी जागेवरून उठलो नाही. चारी नकलांवर नवा आकडा दिसला तेव्हा खरा आकडा लिहिला, १९९८१०१४०१, आणि पुन्हा तीन तास. ज्या वर्तुळाने आर्पानेट बुडवले त्यानेच मला हात दिला, हे सुचायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली; त्या दिवशी फक्त रामभाऊंचे तोंड डोळ्यांपुढे होते. यादी गुरुवारी आली. बोनस शनिवारी मिळाला.

या याद्यांत अर्धविराम देऊन पुढे काहीही लिहिता येते. यंत्र ते वाचीत नाही, माणूस वाचतो. त्या आकड्याच्या डोक्यावर मी रोमन अक्षरांत मराठी ओळ लिहून ठेवली: 'सालाचा पहिला अंक मोठ्याने वाचावा.' निवृत्त होताना सारे एका तरुण मुलीच्या हाती सोपवले. गेल्या वर्षी तिचा फोन आला.

"सर, यादी नव्या यंत्रावर हलवतेय. आता आकडा आपोआप पडतो, हाताने लिहायचा नाही. तुमची ओळ काढू का?"

"आकडा पाडतो कोण?"

"प्रोग्रॅम."

"आणि प्रोग्रॅम कोण सांभाळते?"

ती हसली. ओळ तिने ठेवली. माझ्या स्पेलिंगात एक अक्षर राहिले होते, ते तेवढे दुरुस्त केले.