दिवाण : बैठकीच्या मुळाशी असलेली वही

हॉलमधल्या दिवाणावर तुम्ही लोडाला टेकून बसला आहात. बसल्या जागीच राहा. काळ तेवढा मागे सरकू द्या.

सोळाव्या शतकातलं इस्तंबूल. तोपकापी राजवाड्यातल्या घुमटाखालच्या दालनात तुम्ही फिर्याद घेऊन उभे आहात. भिंतींलगत कापडाने मढवलेली लांब बैठक आणि तिच्यावर वजीर. मुख्य वजिराच्या डोक्यावर सोनेरी जाळीची खिडकी. जाळीआड सुलतान सुलेमान ऐकतोय की नाही, हे कुणालाच कळत नाही. म्हणून जो तो शब्द तोलून बोलतो. या मंडळाला म्हणतात दिवाण. मंडळाचं नाव दालनाला लागलं, दालनाचं बैठकीला.

आणखी मागे चला. 641च्या सुमाराचं मदिना. खलिफा उमर सैनिकांच्या तनख्यांची नोंद करवून घेत आहेत. वंशावळींचे तिघे जाणकार नावं लावताहेत. ‘सुरुवात तुमच्यापासून करू’ ही सूचना उमर फेटाळतात. आधी पैगंबरांचं कुळ, आपलं कुळ त्याच्या क्रमाने येईल तिथे! बद्रच्या लढाईत लढलेल्यांना वर्षाला 5,000 दिरहम. या नोंदवहीचं नाव दिवाण; तेच पुढे कारभार पाहणाऱ्या मंडळाला लागलं. शब्द इराणी कारभारातून आलेला.

आता इ. स. पूर्व तिसरं शतक, गांधारातलं शाहबाजगढी. अशोकाची आज्ञा खडकावर उजवीकडून डावीकडे, खरोष्ठीत उमटते आहे. इतरत्र ‘धंमलिपि’ कोरतात. इथे छिन्नीखाली ‘ध्रमदिपि’ उतरतं. ‘दिपि’ म्हणजे लेख, जुन्या फारसीतला शब्द. आपली ‘लिपी’ त्याचंच रूप. ‘दिवाण’ही याच कुळातला आणि शिवरायांच्या अष्टप्रधानांतला ‘डबीर’ही. त्याच्याही मागे मेसोपोटेमियात ओल्या मातीची पाटी आहे. सुमेरी माणूस तिला ‘दुब’ म्हणतो आणि बोरूने तिच्यावर खुणा दाबतो.

या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते : लिहून ठेवणं, विशेषतः कुणाचं काय देणं आहे ते. म्हणूनच महसूल पाहणारा अधिकारी दिवाण झाला आणि मालमत्तेचे दावे दिवाणी न्यायालयात गेले. ज्याचं नाव वहीत चढलं, त्याला आपला हक्क मागता आला. आपल्या घरातल्या या साध्या बैठकीच्या नावात एवढा मोठा न्याय मुरलेला आहे.