ग्लँडर्स : घोड्यांची रक्तचाचणी आणि रोगाचा माग

घोडा, गाढव व खेचर यांना बर्कहोल्डेरिया मॅलिआय या जीवाणूमुळे होणारा, माणसालाही लागू शकणारा संसर्गजन्य रोग. नाकातून चिकट पू वाहतो, नाकाच्या आतल्या पडद्यावर व्रण पडतात, फुप्फुसात गाठी होतात. त्वचेच्या प्रकारात रसवाहिन्यांच्या रेषेत गाठी येऊन फुटतात. गाढव किंवा खेचर बहुधा थोड्याच दिवसांत दगावते. घोडा मात्र महिनोन्‌महिने रोग अंगात बाळगून कामावर राहतो, आणि सामाईक हौद, तोबरा, लगाम यांतून तो इतरांना देतो. लस नाही. बाधित जनावरावर उपचार न करता त्याला वेदनारहित मरण द्यावे लागते. भारतात या रोगासाठी 1899 पासून स्वतंत्र कायदा होता. त्याची जागा प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याने घेतली. मधल्या काळात दबलेला रोग 2006 मध्ये पुन्हा वर आला तो महाराष्ट्रातच, पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत.

चाचणीसाठी मानेच्या शिरेतून रक्त घेतात, ते गोठू देतात आणि वर सुटलेला रक्तरस बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवतात. आधी एलायझा, ती होकारार्थी आली तर पूरक-बंधन चाचणी, असा क्रम आहे. शेवटचा निर्वाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून येतो. या चाचण्या जीवाणू शोधत नाहीत, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ‘निर्दोष’ हा निकाल त्या दिवसापुरता आणि त्याच घोड्यापुरता खरा असतो. घोडा ओळखता आला नाही तर तो निकाल कोणाचाच नाही. यासाठी नमुन्याच्या कागदावर रंग, कपाळाचा चांद, पांढरे पाय आणि भोवरे नोंदवणे महत्त्वाचे. भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरवणारे गिऱ्हाईक सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारात घोडा जितक्या बारकाईने पाहते, तितक्या बारकाईने सरकारी कागद क्वचितच भरला जातो.

रोगाचा माग काढण्याची रूढ रीत वर्तुळाची आहे. बाधित जनावर सापडले की त्याच्याभोवती पूर्वी 5 किलोमीटर बाधित क्षेत्र आणि 25 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र धरत. 2025 च्या सुधारित राष्ट्रीय कृती आराखड्याने हे आकडे 2 आणि 10 वर आणले. हे वर्तुळ मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाभोवती नुसते कल्पनेने काढून पाहावे. नाणेघाटाच्या पायथ्याचे हे गाव. 10 किलोमीटरच्या वर्तुळात सह्याद्रीचा कडा आणि वरची जुन्नर तालुक्यातली, म्हणजे पुणे जिल्ह्यातली, गावे येतात. तिथे घोडा न्यायचा तर माळशेज घाटाचा वळसा पडतो. उलट, त्याच रस्त्याने वरातीसाठी जिथून घोडा येऊ शकतो ते कल्याण वर्तुळाबाहेर राहते. कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे सामान घोड्यांवर लादून चालतात. त्यांचा मुक्काम आज या माळावर, उद्या पुढच्या. रोग जातो तो वाटेने, म्हणून मागही वाटेने काढायला हवा : मागच्या काही महिन्यांत जनावर कुठे बांधले होते, कोणत्या यात्रेत विकले गेले, कोणाच्या हौदावर पाणी प्याले.

यावर पहिला आक्षेप असा की वर्तुळ आखणे सोपे, आदेश काढणे सोपे. वाटेचा तपास मालकाच्या तोंडी सांगण्यावर अवलंबून. आक्षेप खरा आहे, आणि वीटभट्टीवरच्या एका जागी राबणाऱ्या गाढवांसाठी वर्तुळ पुरेसेही आहे. पण भाड्याच्या आणि फिरत्या घोड्यांना ते लागू पडत नाही. तेथे दोन्ही रीती हव्यात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर : निकाल होकारार्थी आला तर पोटाचे साधन जाणार, हे माहीत असलेला घोडेवाला खरी वाट सांगेलच का? नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण ती उशिरा मिळणार असेल तर जनावर रातोरात घाटापलीकडे जाईल आणि संसर्ग त्याच्याबरोबर. म्हणजे भरपाईचा वेग हा दयेचा प्रश्न नाही, रोगनियंत्रणाचाच भाग आहे. एवढ्या विरळ रोगासाठी इतका खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. विरळ आहे म्हणूनच एकेका जनावराची वाट शोधणे झेपते. फैलाव झाल्यावर ते अशक्य होते. मुरबाड-माळशेजच्या पट्ट्यात नमुने घेण्याची सोयीची वेळ पावसाळ्यापूर्वीची : तोवर लग्नसराई ओसरलेली असते आणि धनगरांचे घोडे घाट चढून परत जायच्या बेतात असतात.