जखम, मध आणि हळद

खरचटले की हळद दाबावी, हे सातारा-सांगलीकडच्या मुलांना शाळेत शिकवावे लागत नाही. वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी हळद पिकते. सांगलीजवळच्या हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे टिकवीत (२००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली). आपल्या हाताशी जशी हळद, तसा प्राचीन इजिप्तच्या वैद्याच्या हाताशी मध होता. त्याने मात्र आपले उपचार लिहून ठेवले.

एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने १८६२ साली लक्सर येथे पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. ती इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराची आहे, आणि तीही आणखी जुन्या ग्रंथाची नक्कल. जेम्स ब्रेस्टेड यांनी तिचे भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केले. तीत ४८ प्रकरणे आहेत, बहुतेक जखमांची आणि मोडलेल्या हाडांची. सुरुवात डोक्यापासून होते आणि कण्यापाशी मजकूर मध्येच तुटतो. प्रत्येक प्रकरणात आधी तपासणी, मग निदान, मग उपचार. निदानात वैद्य निर्णयही देतो: दुखणे बरे करण्याजोगे आहे, झुंज देऊन पाहण्याजोगे आहे, की उपचारापलीकडचे आहे. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेला रुग्ण तिसऱ्या वर्गात येतो. आपल्या विद्येची हद्द कुठे संपते हे असे नोंदवणे मला मधाच्या लेपापेक्षाही मोलाचे वाटते.

उघड्या जखमेवर पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे आणि नंतर रोज मध, चरबी व धाग्यांचा बोळा लावावा, असे तिथे सांगितले आहे. मधातील दाट साखर जिवाणूंमधले पाणी शोषून घेते. शिवाय मध आम्लधर्मी असतो आणि पातळ झाला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. वैद्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, पण गुण दिसला असणार. म्हणून त्याचे सगळेच खरे मानू नये. त्याच इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये प्राण्यांची विष्ठा औषध म्हणून येते, मंत्रही येतात. स्मिथच्या गुंडाळीत मेंदूच्या वळ्यांचे वर्णन आहे. ममी करणारे मात्र मेंदू नाकावाटे काढून टाकीत आणि बुद्धीचे स्थान समजून हृदय जपत.

आता हळद. मार्च १९९५ मध्ये जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. आपल्या सीएसआयआरने १९९६ साली त्याला आव्हान दिले. ‘आमच्या घरोघरी हे करतात’ एवढे सांगून भागणार नव्हते. परदेशातले तोंडी ज्ञान त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात पुरावा ठरत नसे, छापील हवे होते. मग जुने ग्रंथ धुंडाळले गेले. १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही उपयोगी पडला. १९९७ साली पेटंट रद्द ठरले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह पाच परदेशी भाषांत उभा राहिला.

हळदीतील कर्क्युमिन जिवाणूंना रोखते, हे १९४९ साली ‘नेचर’मध्ये आले होते. तरी जखम खोल असेल तर दवाखानाच गाठावा.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. मुलांनी आजी-आजोबांना घरगुती उपचार विचारावेत आणि ते पपायरसच्या रीतीने लिहावेत: काय पाहिले, काय ठरवले, काय लावले. चौथा रकाना आपण वाढवावा: गुण आला का, आणि नुसते धुऊन ठेवले असते तर आला नसता का?