हरवलेला खर्ज

रविवारच्या मिस्साबलिदानात गायनवृंदाचे स्वर मंदिरात भरून राहतात, तेव्हा आपले कान साहजिकच वरच्या पट्टीतील आवाजांकडे वेधले जातात. खर्जात चाललेला सूर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही; तो थांबला म्हणजे मात्र सारे गीत अधांतरी झाल्यासारखे वाटते. विजेवर चालणारी बास गिटार हे या उपेक्षित सुराचे वाद्य. तिचा इतिहास जेमतेम नऊ दशकांचा. तरीही तिचे काही जुने नमुने आज संतांच्या अवशेषांप्रमाणे जपले जातात. अशाच दोन गिटारींचा वृत्तान्त आम्ही येथे सांगणार आहोत. दोन्ही चोरीस गेल्या, दोन्ही अनेक वर्षांनी सापडल्या आणि दोन्हींनी एकच प्रश्न विचारला: वस्तूचा मालक म्हणजे नेमका कोण?

प्रथम थोडी पूर्वपीठिका. पूर्वी खर्जाचे काम माणसाहून उंच असा डबल बास करीत असे. तो वाहून नेणे जिकिरीचे आणि ढोल-कर्ण्यांच्या गदारोळात त्याचा आवाजही लोपून जाई. अमेरिकेतील सिॲटल शहरात पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाचे, आडवे धरून वाजविता येणारे विजेचे खर्जवाद्य बनविले; पण ते फार थोड्यांच्या हाती पोहोचले. ते यश लिओ फेंडर यांच्या वाट्याला आले. हे गृहस्थ कॅलिफोर्नियातील फुलर्टनचे, पेशाने रेडिओ दुरुस्त करणारे. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. तिच्या मानेवर पडदे बसविलेले असल्यामुळे बोट ठेवताच अचूक सूर निघे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडले. १९६० मध्ये तिची धाकटी बहीण ‘जॅझ बास’ आली. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी आपला कारखाना सीबीएस या बलाढ्य कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. संग्राहक आजही त्या साली एक रेघ ओढतात आणि तिच्या अलीकडच्या वाद्यापेक्षा पलीकडच्या वाद्याला कितीतरी अधिक किंमत मोजतात.

अशी गिटार बाळगणे म्हणजे तिची शुश्रूषा पत्करणे होय. तारांच्या सततच्या ताणाने मान वाकते. ती सरळ करण्यासाठी आत बसविलेली पोलादी सळई बेताने पिळावी लागते. तारांचे कंपन टिपणाऱ्या ‘पिकअप’मध्ये चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यांतील एक धागा गंजून तुटला, तरी वाद्य मुके होते. आवाज कमीअधिक करणाऱ्या बटणाखालच्या भागावर बारीक आकडे असतात. त्यांतील पहिले तीन कारखान्याची खूण सांगतात, पुढचे वर्ष आणि शेवटचे दोन त्या वर्षातील आठवडा. जाणकार त्यांवरून वाद्याच्या वयाचा अंदाज बांधतो आणि लबाडीही ओळखतो. मानेवरची पट्टी बहुधा ब्राझीलच्या रोजवुडची असे. १९९२ साली त्या झाडाला आंतरराष्ट्रीय कराराने कडक संरक्षण मिळाले. तेव्हापासून त्याचे लाकूड असलेले जुने वाद्य सीमेपार न्यायचे तर परवाने लागतात. ते लाकूड दुर्मीळ होत गेले, तसा कारखान्यांनी भारतीय शिसवाचा आधार घेतला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या काळचे शिसवी कपाट असेल. त्याच झाडाच्या पट्टीवर परदेशातील वादकांची बोटे फिरत आली आहेत.

दुरुस्ती करणाऱ्याची खरी कसोटी मात्र हातकौशल्यापेक्षा विवेकाची असते. तडकलेला जुना रंग खरवडून नवा चढवावा की तडे तसेच राखावेत? घासलेले पडदे बदलावेत की वादकाच्या बोटांची खूण म्हणून ठेवावेत? वाद्य नव्यासारखे चकचकीत केले, तर त्याचे वय पुसले जाते. आणि हातच लावला नाही, तर ते काचेच्या कपाटातील मुके शव होते.

आता पहिली कथा. जाको पास्टोरियस यांचा जन्म १९५१ चा. फ्लोरिडात वाढलेला हा मुलगा कॅथलिक शाळेत शिकला आणि वेदीसेवकही होता. त्याच्या हाती १९६२ ची एक जॅझ बास आली. तिचे पडदे आपण सुरीने उपटून काढल्याचे तो सांगत असे. फटी बुजवून त्याने मानेवर नौकांना लावतात तसा इपॉक्सीचा कठीण लेप चढविला. संग्राहकांच्या शास्त्रानुसार हा शुद्ध विध्वंसच. परंतु त्या बिनपडद्याच्या गिटारीतून मनुष्यकंठासारखा गाणारा खर्ज उमटला आणि १९७६ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर जगभरच्या वादकांची या वाद्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पुढे मनोविकाराने आणि व्यसनाने त्याला ग्रासले. त्या काळात या गिटारीचे तुकडे झाले. दोन कारागिरांनी ते जुळवून तिला पुन्हा बोलती केली. पण थोड्याच दिवसांत, १९८६ साली, न्यूयॉर्कमधील एका उद्यानाच्या बाकावरून ती चोरीस गेली. पुढच्याच वर्षी एका मारहाणीत जबर जखमी होऊन, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, जाको निवर्तला. गिटार त्याला पुन्हा दिसली नाही. सुमारे दोन दशकांनी ती न्यूयॉर्कमध्येच उजेडात आली. ताब्यासाठी कायद्याचा वाद लांबत गेला आणि त्याचा खर्च पास्टोरियस कुटुंबाला झेपेना. तेव्हा ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाचे बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांनी पदरचे पैसे घालून ती सोडविली. कुटुंबाला हवी तेव्हा ती त्याच किमतीस परत करण्याचे त्यांनी मान्य केले होते.

दुसरी कथा बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांची. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये, खिशात फारसे पैसे नसताना, त्यांनी जर्मनीच्या हॉफ्नर कारखान्याची व्हायोलिनच्या आकाराची बास सुमारे ३० पौंडांत घेतली. ते डावखुरे, दोन्ही बाजू सारख्या असल्याने ही गिटार उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. १९६४ मध्ये तिला नवा रंग दिला गेला. १० ऑक्टोबर १९७२ च्या रात्री लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या एका व्हॅनमधून ती चोरीस गेली. चोराने ती एका मद्यगृहाच्या मालकाला किरकोळ मोबदल्यात विकली. त्या घराण्यात ती वारशाने फिरत राहिली आणि अखेर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका घराच्या माळ्यावर धूळ खात पडली. शोधमोहिमेचा बोलबाला झाल्यावर त्या घरच्या मंडळींनी आपल्याजवळील वस्तू ओळखली आणि ती मूळ धन्याच्या हाती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. दुरुस्तीनंतर, १९ डिसेंबर २०२४ रोजी, ८२ वर्षांच्या मॅकार्टनींनी लंडनच्या मैफलीत ती पुन्हा वाजविली.

संत लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या नाण्याचा दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. तेथील स्त्री दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडताच शेजारणींना बोलावते. आनंद एकटीने भोगत नाही. आमच्या मते या दोन्ही कथांचे मर्म याच वाटण्यात आहे. वाद्य विकत घेणारा त्याचा धनी होतो खरा, पण तो कारभारीच असतो. त्याच्या आधी ते कोणाच्या तरी हाती होते आणि त्याच्यानंतर कोणाच्या तरी हाती जाणार आहे. ट्रुहियोंनी पैसे मोजूनही हक्काची मूठ सैल ठेवली. माळ्यावरची गिटार परत करणाऱ्या कुटुंबाने तेच केले.

आणि दुरुस्तीविषयी एवढेच. पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपले हात दाखविले, तेव्हा त्यांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. नवे जीवन आले म्हणून जुन्या जखमा पुसल्या गेल्या नाहीत. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या हार्मोनियमची, ऑर्गनची किंवा आजोबांच्या व्हायोलिनची डागडुजी करताना आपणही हे ध्यानी ठेवावे. व्रण राहू द्यावेत. सूर मात्र परत आणावा.