असुका गावची मंदिरे आणि समाधीची टेकाडे

श्रोतेहो, राजधानी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि रुंद रस्ते येतात. पण जपानची एक प्राचीन राजधानी पाहायला गेलात, तर भातखाचरांच्या बांधावरून चालावे लागेल. ओसाका शहराच्या आग्नेयेस, नारा प्रांतात, असुका नावाचे खेडे आहे. इ. स. ५९२ पासून पुढची सुमारे शंभर वर्षे जपानचे राजे आणि राण्या बहुतेक काळ याच खोऱ्यातून राज्य करीत. त्यांचे वाडे लाकडी, ते केव्हाच गेले. मागे राहिली बुद्धमंदिरे आणि समाधीची टेकाडे. या दोहोंचे नाते काय, तेवढेच आज पाहू.

आधी टेकाडे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून जपानात अशी चाल होती की, राजा किंवा मोठा सरदार वारला म्हणजे त्याला मणी, चिलखत, घोड्याचा साज यांसह पुरायचे आणि वर मातीचा डोंगर रचायचा. साकाई शहरातले सर्वांत मोठे टेकाड सुमारे पाचशे मीटर लांब आहे. ही माती वाहिली कोणी? अर्थात शेतकऱ्यांनी! असुका गावातल्या 'इशिबुताई' या समाधीवरची माती आज उरलेली नाही, त्यामुळे आतली दगडी खोली उघडीच दिसते. लहानमोठे सुमारे तीस दगड. छताचा सर्वांत मोठा दगड एकटाच सुमारे ७७ टनांचा! ही समाधी सोगा नो उमाको या बलाढ्य सरदाराची, असे बहुतेक विद्वान मानतात. तो इ. स. ६२६ मध्ये वारला.

आता गंमत पाहा. जपानातले पहिले मोठे बुद्धमंदिर उभारणारा सरदारही हा उमाकोच. बौद्ध धर्माला विरोध करणाऱ्या मोनोनोबे घराण्याचा त्याने ५८७ मध्ये पराभव केला. पुढच्याच वर्षी कोरियातल्या पेकचे राज्याकडून भिक्षू, सुतार आणि कौले घडवणारे कारागीर आले. ५९६ पर्यंत असुका-देरा हे मंदिर उभे राहिले. ६०९ साली घडवलेली काशाची बुद्धमूर्ती तेथे आजही आहे. ११९६ च्या आगीत मंदिर जळाले, मूर्तीची फार हानी झाली; तरी डागडुजी केलेली ती मूर्ती मूळच्या जागीच बसलेली आहे.

१९५६-५७ साली येथे उत्खनन झाले. मंदिराच्या मधोमध पूर्वी एक मनोरा होता. त्याच्या पायात काय सापडले? मणी, चिलखत, घोड्याची घंटा! म्हणजे समाधीत ठेवायच्या वस्तूच बुद्धाच्या अवशेषांबरोबर ठेवल्या होत्या. लोकांनी नवा धर्म घेतला, पण जुने हात एकदम सुटले नाहीत. आणि तो मनोरा तरी मुळात काय? कार्ल्याच्या लेण्यात आपण ज्या स्तूपापुढे उभे राहतो, त्याचाच तो दूरचा वंशज. स्तूप म्हणजे अवशेषांवर रचलेले टेकाडच की!

पण नव्या काळात टेकाडे लहान होत गेली. इ. स. ७२० मध्ये पुरी झालेल्या 'निहोन शोकी' या बखरीत ६४६ सालचे एक फर्मान आहे. समाध्या बांधण्यापायी प्रजा दरिद्री होते, असे सांगून त्यात माप ठरवून दिले : राजकुळातल्या माणसासाठीही हजार मजूर आणि सात दिवस, बस्स. पुढे दोशो नावाचा भिक्षू चीनला जाऊन ह्युएनत्संगाजवळ शिकून आला. होय, आपल्या महाराष्ट्रातून जाऊन येथल्या लोकांचे वर्णन लिहिणारा तोच ह्युएनत्संग. दोशो ७०० साली वारला, तेव्हा त्याचे दहन झाले. जपानच्या बखरीतली दहनाची ही पहिली नोंद. थोड्याच वर्षांत जितो या राणीचेही दहन झाले आणि तिच्या अस्थी नवऱ्याच्या समाधीत ठेवल्या. राणीसाठी नवा डोंगर रचावा लागला नाही.

त्या अखेरच्या काळातले ताकामात्सुझुका हे टेकाड जेमतेम २३ मीटर व्यासाचे. १९६२ च्या सुमारास एका गावकऱ्याने आले साठवायला तेथे खड्डा खणला, तर घडीव दगड लागला. १९७२ मध्ये रीतसर उत्खनन झाले आणि आतल्या भिंतींवर रंगीत वस्त्रांतल्या स्त्रिया आणि दिशांचे रक्षक प्राणी दिसले. पुढे त्या चित्रांना बुरशी लागली आणि २००७ साली सगळी दगडी खोली सुटी करून दुरुस्तीसाठी हलवावी लागली.

असुकाच्या जपणुकीसाठी १९८० साली खास कायदा झाला. त्यामुळे तेथल्या शेतकऱ्याला मनाला येईल तसे घर बांधता येत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी ती माती वाहिली असेल, त्यांनाच आज ती राखायची आहे. शिक्षकबंधूंनो, वर्गात या राजांची नावे सांगाल, तेव्हा त्या माती वाहणाऱ्यांविषयीही दोन शब्द जरूर सांगा. आणि तुमच्या शिवारात नांगराला कधी घडीव दगड लागला, तर नांगर घटकाभर थांबवा.