स्थूलत्व-शस्त्रक्रियापूर्व वजननियंत्रण कार्यक्रम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जठर लहान करणाऱ्या अथवा अन्नमार्ग वळविणाऱ्या शस्त्रक्रियेच्या खर्चास मंजुरी देण्यापूर्वी अनेक विमा कंपन्या रुग्णावर जी शर्त घालतात, ती म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली, बहुधा तीन ते सहा महिने, चालविलेला आहार-व्यायामाचा कार्यक्रम होय. दरमहाच्या वजनाची नोंद दप्तरी दाखल करावी लागते. एखादी भेट चुकल्यास अर्ज नामंजूरही होतो. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे घ्यावयाचा अल्प-उष्मांकी आहार याहून सर्वस्वी निराळा, कारण त्यायोगे यकृताचे आकारमान घटून त्याखाली दडलेल्या जठरापर्यंत दुर्बिणीच्या साहाय्याने पोहोचणे शल्यचिकित्सकास सुकर होते. दीर्घ मुदतीच्या सक्तीस असा शास्त्राधार लाभलेला नाही, आणि अमेरिकेतील स्थूलत्व-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१६ च्या निवेदनात तिचा स्पष्ट निषेध केला आहे. मधुमेह वा निद्राश्वसनरोध बळावत असता ज्याचा इलाज केवळ कागदपत्रांसाठी लांबणीवर पडतो, त्या रुग्णावर हा उघड अन्याय होय. कित्येक अर्जदार या काळात शस्त्रक्रियेचा विचारच सोडून देतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही शस्त्रक्रियेपूर्वी आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व वैद्य यांच्या विशेष पथकाकडे रुग्णास पाठविण्याचा प्रघात रूढ झाला.